पहिल्या नंबरची भीती कुणाला?



मुलगी हुशार निघाली की घरात आनंद होतो, आणि त्याच्या मागोमाग एक काळजीही येते. ‘इतकी शिकली तर हिच्या तोलामोलाचा मुलगा कुठून आणायचा?’ ही काळजी फक्त आपल्याच गावची आहे असं समजू नका. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्या मुलीही अशीच काळजी मनात घेऊन वावरत होत्या. एका बाईंनी ती कागदावर आणली. त्यांचं नाव मटीना हॉर्नर. आज त्यांच्या कामाची गोष्ट सांगते.

मटीनाबाईंचा जन्म १९३९ सालचा, बोस्टन शहरातला. ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून त्या १९६१ मध्ये पदवीधर झाल्या आणि मानसशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी मिशिगन विद्यापीठात गेल्या. विषय होता प्रेरणा. म्हणजे माणूस एखादं काम करायला कशामुळे उठतो आणि कशामुळे मागे बसतो, याचा अभ्यास.

आता मनातली ओढ मोजायची कशी? ती काही तराजूत घालता येत नाही. त्यासाठी एक युक्ती होती. माणसाला चित्र दाखवायचं आणि त्यावरून गोष्ट रचायला सांगायची. गोष्ट दुसऱ्याची असली तरी सांगणाऱ्याचं मन तिच्यात उतरतंच. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही तेच नाही का? नाव सीतेचं असतं, दुःख दळणारणीचं असतं. ही चित्रांची युक्ती ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ मध्ये मांडली. पुढे १९४३ मध्ये ती चाचणी म्हणून छापली गेली, तेव्हा तिच्यावर फक्त मरे यांचं नाव होतं. मॉर्गनबाईंचं नाव गळालं!

नंतर डेव्हिड मॅक्लेलँड आणि जॉन ॲटकिन्सन या दोघांनी अशाच गोष्टींवरून यशाची ओढ मोजायला सुरुवात केली. ‘या परीक्षेवरून तुमची हुशारी कळेल’ असं सांगितलं की पुरुषांच्या गोष्टींत जिंकण्याची इच्छा वाढलेली दिसे. बायकांच्या गोष्टींत मात्र तसं दिसेना. मग काय केलं? अभ्यास पुरुषांवरच पुढे चालू राहिला. १९५८ मध्ये या विषयावर ॲटकिन्सन यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात बायकांचा प्रश्न पानाच्या तळाशी, बारीक टाइपातल्या टिपेत गेला.

मटीना हॉर्नर या ॲटकिन्सन यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी ती टीप उचलली आणि तिचाच प्रबंध केला. १९६८ मध्ये तो पुरा झाला.

त्यांनी केलं ते अगदी साधं होतं. ९० मुलींना एक वाक्य दिलं आणि म्हणाल्या, यावरून गोष्ट लिहा. वाक्याचा अर्थ असा, की पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन डॉक्टरकीच्या वर्गात पहिली आली आहे. ८८ मुलांना तेच वाक्य दिलं, फक्त ॲनच्या जागी जॉन.

मुलांचा जॉन मजेत होता. त्याची मेहनत फळाला आली होती, पुढे त्याचं सगळं छान होणार होतं. मुलींची ॲन मात्र संकटात सापडली. कुणी लिहिलं, तिला मित्र-मैत्रिणी उरल्या नाहीत. कुणी लिहिलं, तिनं पुढच्या परीक्षेत मुद्दाम कमी मार्क घेतले. कुणी तिला डॉक्टरकी सोडायला लावून तिचं लग्न लावून दिलं. एका गोष्टीत वर्गातल्या मुलांनी तिला मारहाण केली. एकीनं तर लिहिलं की ॲन नावाची मुलगी नाहीच, काही विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेलं ते खोटं नाव आहे! १०० पैकी ६५ मुलींच्या गोष्टींत अशी भीती निघाली. मुलांमध्ये हे प्रमाण १०० पैकी १० सुद्धा नव्हतं.

ही बातमी वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून खूप गाजली. ‘बायकांना यशाची भीती वाटते’ हे वाक्य घरोघरी पोहोचलं. हॉर्नरबाई सांगत होत्या की ही भीती जन्मजात नाही, लहानपणापासून शिकवलेली आहे. पण लोकांनी सोयीचं तेवढंच घेतलं. बायकाच मागे राहतात, त्यांच्या मनातच खोट आहे, असा सूर निघाला.

मग इतर अभ्यासकांनी तोच प्रयोग फिरवून पाहिला. १९७४ मध्ये शाळेतल्या मुलग्यांनाही ॲनची गोष्ट लिहायला दिली. त्यांनी तर मुलींपेक्षाही जास्त संकटं ॲनवर आणली. १९७८ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. त्यात जॉनला नर्सिंगच्या वर्गात पहिला आणला. लगेच जॉनच्या गोष्टीतही टोमणे आणि संकटं आली.

म्हणजे काय दिसलं, बायांनो? भीती यशाची नव्हतीच. समाजानं ‘हे तुझं काम नव्हे’ म्हणून आखलेली रेघ ओलांडली की काय सोसावं लागतं, ते मुलींनाही माहीत होतं आणि मुलग्यांनाही. त्या काळी तिथे डॉक्टरकीला प्रवेश घेणाऱ्या १०० जणांत १० सुद्धा मुली नसत. मुली आजूबाजूला जे बघत होत्या, तेच लिहीत होत्या.

हॉर्नरबाई पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिकवायला गेल्या. १९७२ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्या रॅडक्लिफ या मुलींच्या नावाजलेल्या कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. १९७६ मध्ये तिथे एक संशोधन केंद्र निघालं. माणसांच्या, त्यातही बायकांच्या आयुष्यांचे अभ्यास तिथे जपून ठेवले जाऊ लागले. टिपेत गेलेल्या बायकांना पान मिळालं.

१९७२ मध्येच अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना बाई-पुरुष असा भेद करायला बंदी आली. डॉक्टरकीच्या वर्गांत मुली वाढत गेल्या. २०१७ मध्ये तिथे नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त मुली होत्या. मुलींच्या मनातच खोट असती, तर दार उघडल्यावर एवढ्या जणी आत आल्या असत्या का?

आपल्या गटात एखादी हिशोबात पक्की असते, बोलण्यात ठाम असते, पण अध्यक्ष हो म्हटलं की मान खाली घालते. ‘हिला धीटपणाच नाही’ असं म्हणून आपण पुढे जातो. पुढच्या वेळी तिच्या शेजारी बसून विचारा, ‘तू पुढे आलीस तर घरात काय होईल? गावात कोण काय बोलेल?’ ती सांगेल. मग त्यातला कोणता भार आपण दहा जणी मिळून हलका करू शकतो, ते ठरवा. बँकेत जायच्या दिवशी तिचं लहान मूल कोण सांभाळेल? सासूबाईंशी कोण बोलेल? ग्रामसभेत ती उभी राहिली की तिच्या बाजूला कोण उभं राहील? धीर दे म्हणून नुसतं सांगण्यापेक्षा एवढं केलं, तर ती मान वर करेल.