इमानी श्वानाचा वारसा

बालाघाट आणि मंडला या दोन जिल्ह्यांत कान्हाचे अरण्य पसरलेले आहे. अशा अरण्यांतून वाघाची कातडी आणि हाडे पळविणाऱ्यांचा माग काढण्याकरिता मध्य प्रदेशाच्या वनखात्याने २००८ पासून शिकविलेले श्वान कामास लावले. या कामी जर्मन शेफर्ड जातीने चांगले नाव मिळविले. हे जनावर बुद्धीने तल्लख, नाकाचे तिखट आणि धन्याच्या एका शब्दावर जीव टाकणारे. परंतु ज्या काटेकोर निवडीने त्याच्या अंगी हे गुण बाणविले, त्याच निवडीच्या ओघात एक दुखणेही पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले.

१८९९ साली मॅक्स फॉन स्टेफनिट्झ या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने मेंढ्या राखणारा एक श्वान विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि नव्या जातीच्या नोंदवहीत त्याला पहिला क्रमांक दिला. पुढे होरांडच्याच वंशजांत जवळच्या नात्याचे संबंध वारंवार घडवून जातीचा ठसा पक्का करण्यात आला. अशा संकोचाने गुण स्थिर होतात हे खरे. परंतु आई व बाप दोघांकडून एकच दडलेला दोष पिलाच्या वाट्यास येण्याचा संभवही त्यामुळे वाढतो.

हा दोष तारुण्यात दिसत नाही. श्वान आठ-नऊ वर्षांचा झाला म्हणजे त्याचे मागले पाय किंचित अडखळू लागतात, नखे जमिनीवर घासून झिजतात, चालताना कंबर डुलते. वेदना मात्र नसते. धन्यास वाटते, वय झाले किंवा खुबा दुखावला. बहुधा वर्षभराच्या आत ते जनावर मागल्या पायांवर उभे राहू शकत नाही. पुढे पुढले पायही साथ सोडतात. १९७३ साली ॲव्हेरिल या अमेरिकन पशुवैद्याने वृद्ध जर्मन शेफर्ड श्वानांतील मज्जारज्जूच्या या ऱ्हासाचे स्वतंत्र वर्णन केले. त्यानंतर कोणी प्रतिकारशक्तीच्या बिघाडाकडे बोट दाखविले, तर कोणी ई जीवनसत्त्वाच्या उणिवेकडे. परंतु यांपैकी एकाही तर्काने कोडे सुटले नाही.

अडचण मोठी होती. दुखणे उतारवयात उद्भवत असल्यामुळे ते दिसेपर्यंत त्या श्वानाची संतती जन्मलेली असे. शिवाय निदानाची पक्की खूण मृत्यूनंतर मज्जारज्जूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच सापडे. म्हणजे ज्याने आपला सोबती नुकताच गमावला, त्यानेच त्याचा देह संशोधनास देण्याचे मन करावयाचे. असे मन करणारी माणसे भेटली नसती, तर पुढचे पाऊल पडलेच नसते.

ते पाऊल २००९ साली पडले. २००५ मध्ये श्वानाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झालेला होता. त्याच्या आधारे मिसूरी विद्यापीठ आणि ब्रॉड संस्था येथील संशोधकांनी वेल्समधील कॉर्गी या गुरे राखणाऱ्या बुटक्या जातीतील रोगी आणि निरोगी श्वानांची तुलना केली. रोग्यांचा दोष एसओडी-१ नावाच्या जनुकात आढळला. त्यातील एकच अक्षर बदललेले होते! जर्मन शेफर्डमध्येही तोच बदल निघाला. पुढील पाहणीत तो १०० हून अधिक जातींत सापडला.

हे जनुक वैद्यांच्या ओळखीचे होते. मनुष्यास होणाऱ्या मोटर न्यूरॉन रोगाच्या काही आनुवंशिक प्रकारांचे मूळ याच जनुकात असल्याचे १९९३ साली सिद्ध झाले होते. दोहोंकडे बिघडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या मज्जापेशींत साठतात. माणसाच्या कुटुंबांत लागलेल्या शोधाने श्वानाचे कोडे उलगडले. आणि श्वानाच्या अभ्यासाने आता माणसाच्या रोगावर उजेड पडत आहे. या जनुकापासून होणाऱ्या मानवी रोगावर टोफर्सेन हे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले. रोग्या श्वानास बरे करणारा उपाय अद्याप नाही. नियमित व्यायामाने त्याचे चालणे काही काळ टिकते, इतकेच.

तथापि या शोधाचा अर्थ घाईने लावणे धोक्याचे आहे. गालाच्या आतील लाळेच्या नमुन्यावरून दोषाची परीक्षा आज होऊ शकते. परंतु दोषाच्या दोन्ही प्रती असलेला प्रत्येक श्वान आजारी पडतोच असे नाही. कित्येक म्हातारे होऊन सुखाने मरतात. एकच प्रत असलेला तर बहुधा निरोगीच राहतो. अशा साऱ्यांना वंशवृद्धीतून बाद केले, तर जातीचा परीघ आणखी आवळला जाईल आणि दुसरे दडलेले दोष डोके वर काढतील. शहाणपणाचा मार्ग हा की, दोषवाहक पण गुणी श्वानाची जोडी निर्दोष श्वानाशी जमवावी आणि दोष पिढीगणिक हळूहळू विरळ करावा.

होरांडच्या काळी माणसाने श्वानाचे रूप आणि स्वभाव घडविले; त्याचे रक्त वाचण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. आज ती आहे, म्हणून जबाबदारीही आहे. श्वानपथकातील एखादा जुना सेवक उतारवयात पाय ओढू लागला, तर तो आळस किंवा हट्ट समजून त्यास दटावणे हा अन्याय होय. त्याची परीक्षा करविणे, त्यास विसावा देणे आणि त्याच्या पिलांचा विचार करणे, एवढे तरी त्या इमानाचे ऋण माणसाकडे लागते.