मृग लागला की झाड बंद

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आमची दीड एकर वरकस जमीन आहे. चढावाची, भात न होणारी. आजोबांच्या वेळी तिथल्या ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून वाळवायच्या अन् भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा. जांभळाला मात्र कोयता लावायचा नाही.

१९७५ साली खासगी वनं सरकारजमा करण्याचा कायदा आला. झाडं राखली तर जमीन जाईल, अशी धास्ती घरात होती. तरी बाबांनी सात जांभळं ठेवली. त्यांचं गणित सोपं होतं. रोहिणी लागल्या की जांभूळ पिकतं, मृगापर्यंत उतरवून मोकळं व्हायचं. पहाटेच्या लोकलनं टोपल्या कॅम्पात, म्हणजे उल्हासनगरला. फाळणीनंतर तिथल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले अन् आम्हाला बाजार मिळाला.

झाडावर चढायचा शेजारच्या वाडीतला ठाकर मामा. निम्मा माल त्याचा. जांभळाची फांदी ठिसूळ, भिजलेली साल निसरडी. पाऊस पडला की बाबा ओरडायचे, "वल्या झाडावं पाय ठेवायचा नाय!"

२०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. त्याआधीही मे महिनाभर सरी होत्याच. रोहिणी नुकत्या लागलेल्या, फळ अर्धं कच्चं, अर्धं फुटून चिखलात. मामाचा मुलगा म्हणाला, "काका, चढतो मी. वर्साचं पैसं वर लटाकल्यात."

मी नको म्हटलं. रात्री झोप लागली नाही. नको म्हणणं मला परवडत होतं, त्याला नव्हतं.

त्या थंडीत दोघांनी मिळून बांबू आणले. पालघरच्या बहाडोलीत बांधतात तशी झाडाभोवती परांची बांधली. खर्च निम्मा-निम्मा. आता सगळा घोस पिकायची वाट बघत नाही, रंग चढेल तसं उतरवतो. गळलेल्या फळांच्या बिया वाळवून विकतो. पाला जाळत नाही, बुंध्याशी अंथरतो, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते. खाली दोन कलमं लावलीत. ती ठेंगणी राहतील, चढावं लागणार नाही.

बाबांचा नियम अजून तोच. फक्त मृग कॅलेंडरात बघून भागत नाही. वाडीतून फोन येतो, "काका, डोंगर काला झालाय." मग हातातला चहा तसाच ठेवून मी टोपल्या घेऊन निघतो.