अंतर कोणी मोजायचे?
टॅक्सीच्या मीटरची गोष्ट

आटपाडी हा सांगली जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातला माणदेशी तालुका. पूर्वी हा भाग औंध संस्थानात होता. पाऊस कमी, जमीन कोरडवाहू. त्यामुळे इथल्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातल्या माणसांना पोटासाठी गाव सोडणे नवे नाही. त्यातल्या कित्येकांनी सोने-चांदी गाळण्याचा धंदा धरला. जुने दागिने वितळवायचे, सोनाराच्या दुकानातली केरमाती धुऊन-जाळून तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा, आम्लाने चांदी विरघळवून शुद्ध सोने मागे ठेवायचे, हे ते काम. आज भारतातल्या फार थोड्या मोठ्या शहरांत विटा-आटपाडीकडचा गलाईवाला सापडणार नाही.

कसोटीवरची रेघ पाहून सोन्याचा कस सांगणारा हा माणूस पहिल्यांदा कलकत्त्याला किंवा मद्रासला उतरला, की स्टेशनाबाहेर त्याची गाठ एका वेगळ्याच मापाशी पडत असे. सराफपेठ किती लांब? भाडे किती? ही गाडी नेमकी कुठून नेणार? भाषा परकी, रस्ते परके. सोन्याच्या तोळ्या-माशांत न फसणारा माणूस मैलांत फसू शकतो. कारण सरळ आहे. सोने मोजण्याचे साधन त्याच्या हातात असते, रस्ता मोजण्याचे साधन समोरच्याच्या हातात असते.

टॅक्सीतली फसवणूक हा विषय आपण सहसा 'जगात लबाड माणसे फार' एवढे म्हणून सोडून देतो. आम्हाला तो मापनाच्या इतिहासातला एक सुंदर धडा वाटतो. परक्या गावातल्या प्रवाशाला तीन गोष्टी ठाऊक नसतात: गाडी किती चालली, एका मैलाला दर काय आणि जवळचा रस्ता कोणता. अंतर, दर आणि मार्ग. माणसाने या तिन्हींवर एकेक उपाय शोधला. आणि एक फट बुजली की फसवणूक पुढच्या फटीत सरकली.

पहिली गोष्ट अंतराची. ते मोजण्याची युक्ती दोन हजार वर्षांची आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन केले आहे. गाडीचे चाक चार फूट व्यासाचे. एका फेऱ्यात ते साडेबारा फूट पुढे जाते. चाकाच्या तुंब्याला एक दात आणि त्यात अडकणारे चारशे दात्यांचे दुसरे चाक. गाडीचे चाक चारशे वेळा फिरले की दात्यांचे चाक एकदा फिरते. साडेबारा गुणिले चारशे म्हणजे पाच हजार फूट, म्हणजे बरोबर एक रोमन मैल. प्रत्येक मैलाला एक खडा काशाच्या भांड्यात ठण्णकन पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे.

वर्गात हे सांगताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ खरोखर साडेबारा फूट असतो का? व्हिट्रुव्हियसच्या हिशेबात पायची किंमत ३.१२५ येते. खरा परीघ १२.५७ फुटांच्या आसपास आहे. म्हणजे भांड्यात खडा पडेपर्यंत गाडी पाच हजारऐवजी सुमारे ५,०२६ फूट चाललेली असते. शेकडा अर्ध्या टक्क्याची चूक. त्या काळाच्या मानाने ही अचूकता कौतुकाचीच म्हटली पाहिजे.

प्राचीन चीनमध्येही अशीच एक गाडी होती. तिच्यावरची लाकडी बाहुली दर 'ली' अंतराला ढोल वाजवी. आपल्याकडे कोस हे माप होते, पण एका मुलखातला कोस दुसऱ्या मुलखातल्या कोसाशी जुळत नसे. उत्तरेत मोगलांनी हमरस्त्यांवर कोस-मिनार उभारले ते या कारणानेही उपयोगी पडले. मुंबईत इंग्रजांनी सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मैल मोजून दगड रोवले. दगडावर आकडा आला की अंतर सगळ्यांचे झाले. ते कोणा एकाच्या तोंडचे राहिले नाही.

पण मैलाचे दगड हमरस्त्यावर असतात, गल्लीबोळांत नसतात. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांचे दर कायद्याने ठरलेले होते, ते मैलावर. तरीही गाडीवान आणि प्रवासी यांची भांडणे चालूच राहिली, कारण मैल किती झाले यावरच दोघांचे एकमत होत नसे. मग एडवर्ड मॉग नावाच्या प्रकाशकाने शहरातल्या ठिकाणांमधल्या भाड्यांची पुस्तिकाच काढली. तिच्या नावातच 'दहा हजार भाडी' होती! परक्या माणसाने खिशात पुस्तक ठेवायचे आणि उतरताना उघडायचे. उपाय चांगला, पण दहा हजार भाडी छापली तरी अकरा हजारावी जागा निघतेच.

या भांडणावरचा यांत्रिक उपाय १८९१ मध्ये विल्हेल्म ब्रून या जर्मन संशोधकाने सिद्ध केला. मूळ कल्पना व्हिट्रुव्हियसचीच. फक्त खड्यांच्या जागी फिरणारे आकडे आले आणि दात्यांच्या चाकांना घड्याळाची जोड मिळाली. गाडी चालत असताना चाकाच्या फेऱ्या भाडे पुढे सरकवतात. गाडी खोळंबली की घड्याळ ते सरकवते. १८९७ मध्ये श्टुटगार्टच्या फ्रीडरिश ग्रायनर यांनी मीटर बसवलेली डाइम्लर मोटार भाड्याने फिरवायला सुरुवात केली. 'टॅक्सी' हा शब्दही या यंत्रापासूनच आला. टॅक्सा म्हणजे आकार किंवा कर, तो मोजणारा टॅक्सीमीटर, आणि तो असलेली गाडी ती टॅक्सी. गाडीला नाव मिळाले ते तिच्यातल्या मापामुळे. असे भाग्य फार थोड्या मापन-उपकरणांच्या वाट्याला आले असेल.

१९०७ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी लंडनमध्ये मोटार-टॅक्सींना मीटर सक्तीचे झाले. न्यूयॉर्कमध्ये हॅरी ॲलन या तरुण व्यावसायिकाकडून जेमतेम पाऊण मैलासाठी पाच डॉलर भाडे घेतले गेले, अशी हकिकत सांगतात. त्या रागातून त्याने फ्रान्सहून मोटारी आणल्या, त्यांना मीटर बसवले आणि त्याच वर्षी ६५ गाड्यांची टॅक्सी कंपनी सुरू केली.

मुंबईत टॅक्सी आली १९११ मध्ये. तोवर व्हिक्टोरिया गाड्यांचे राज्य होते. पुढे काळ्या-पिवळ्या गाडीच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेले लोखंडी मीटर मुंबईची खूण बनले. 'मीटर डाउन' करणे हा वाक्प्रचारही त्याच्यामुळे आला.

मीटर खरे बोलते का, हे तपासायला मुलांना थोडी भूमिती पुरते. टॅक्सीच्या चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरू. परीघ १.७६ मीटर येतो आणि एका किलोमीटरला चाक सुमारे ५६८ वेळा फिरते. आता टायर झिजून त्रिज्या सहा मिलिमीटरने कमी झाली. तेवढ्याच किलोमीटरला चाक ५८१ वेळा फिरेल. मीटरला रस्ता दिसत नाही, फेऱ्याच दिसतात. दहा किलोमीटरच्या प्रवासाला ते १०.२२ किलोमीटर दाखवील. कोणाचीही लबाडी नसताना प्रवाशाला सव्वादोन टक्के भुर्दंड! म्हणूनच वैधमापन खात्याने मीटरची तपासणी करून त्याला सील करायचे असते.

अशा रीतीने अंतराची फट बुजली. मग दराची उघडी पडली. लोखंडी मीटरचा दर दात्यांच्या चाकांत कोरलेला असे. भाडेवाढ झाली की हजारो मीटर उघडून चाके बदलणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून मीटर जुनाच आकडा दाखवी आणि चालकाजवळच्या छापील तक्त्यावर त्यासमोरचे आजचे भाडे पाहावे लागे. २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सीचे भाडे मीटरवरच्या आकड्याच्या तेरा-चौदा पट असे. मुंबईकर हा गुणाकार मनातल्या मनात करत. गावाकडून आलेल्याला तक्ता असतो हेच ठाऊक नसे. ठाऊक असले, तरी हातात दिलेला तक्ता टॅक्सीचा आहे की आणखी कशाचा, हे त्याला कसे कळावे? यंत्र खरे बोलत होते, पण परक्याला न कळणाऱ्या भाषेत. २०१२ च्या सुमारास मुंबईत इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, थेट रुपये दिसू लागले, तेव्हा ही फट बरीचशी बुजली.

राहिला मार्ग. ही फट सर्वांत रुंद. थोडा हिशेब करू. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये असा होता. दहा किलोमीटरचे भाडे साधारण २०७ रुपये होते. झिजलेल्या टायरने त्यात साडेचार रुपयांची भर पडते. पण चालकाने तीन किलोमीटरचा वळसा घातला तर ६२ रुपये वाढतात, आणि मीटर अगदी निर्दोष असते! मापाची अचूकता आणि व्यवहाराचा प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

यावर एक छान प्रयोगही झाला आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने अथेन्समध्ये ३४८ टॅक्सीप्रवास केले. त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रवासी शहरातले रहिवासी म्हणून बसले, काही ग्रीक बोलणारे पण बाहेरगावचे, आणि काही इंग्रजी बोलणारे परदेशी. शहर ठाऊक नसल्याचे दिसले की प्रवाशाला लांबचा वळसा मिळे, मग तो ग्रीक असो की परदेशी. पण भाड्यात नसलेले आकार लावणे, चुकीचा दर लावणे हे परदेशी प्रवाशाच्या बाबतीत जास्त घडे. मार्गाचे अज्ञान आणि दराचे अज्ञान यांची किंमत वेगवेगळी वसूल होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. 'परदेशी दिसला म्हणून फसवले' एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्याला काय ठाऊक नव्हते, हे पाहावे लागते.

मार्गाचे ज्ञान ही सामान्य गोष्ट नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. लंडनच्या टॅक्सीचालकाला परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा चालकांच्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हा स्मरणाशी आणि दिशाज्ञानाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. हे ज्ञान कष्टाने कमावलेले असते आणि त्याचा मोबदला चालकाला मिळालाच पाहिजे. मुंबईचे कितीतरी टॅक्सीचालक स्वतः उत्तर प्रदेशातून, पोटासाठीच आलेले. तेही एके काळी या शहराला परकेच होते. चोख मीटर त्यांनाही हवे असते, कारण घासाघीस करणाऱ्या प्रवाशापासून तेच त्यांना वाचवते.

आता उपग्रहांच्या मदतीने मोबाइलवर मार्ग दिसतो आणि ॲपवर भाडे आधीच कळते. भाडे आधी ठरले तर वळसा घालण्यात चालकाचा काही फायदा उरत नाही. तिसरी फट अशी बुजली. पण तेवढ्यात दुसरी पुन्हा उघडली! ॲपचा दर मागणीप्रमाणे बदलतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीला मुभा दिली. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकाच वाटेचे वेगळे भाडे दिसू शकते, आणि ते कसे ठरले हे सांगणारा छापील तक्ता कोठेही टांगलेला नसतो. व्हिट्रुव्हियसच्या भांड्यातले खडे कोणीही मोजू शकत होता. हा हिशेब फक्त कंपनीला दिसतो.

माणदेशातल्या गलाईवाल्यांनी या तिन्ही फटींवर मीटर-नकाशाच्या आधीचा एक उपाय वापरला. या धंद्यात आधी गेलेल्याने मागच्याला नेले, भाऊबंद आणि गावकरी एकमेकांच्या आधाराने शहराशहरांत पसरले. ज्याला वाट माहीत आहे असा आपला माणूस सोबत असणे हे सर्वांत जुने मापन-साधन. ज्याला असा माणूस नाही, त्याच्यासाठी समाजाला यंत्र, तक्ता आणि कायदा करावा लागतो. अनोळखी माणसालाही ओळखीच्या माणसाइतकाच न्याय मिळावा, यासाठी केलेली सोय म्हणजे प्रमाणित माप.

शाळेत करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. सायकलच्या टायरवर खडूने खूण करा. चाक एकदा फिरवून जमिनीवर परीघ मोजा. शाळेपासून एस. टी. स्टँडपर्यंत सायकल हातात धरून न्या, फेऱ्या मोजा आणि अंतर काढा. मग चाकातली हवा थोडी कमी करून, सायकलवर एकाला बसवून पुन्हा मोजा. फेऱ्या वाढतात का, किती वाढतात, हे मुलांनीच शोधावे. तिसऱ्यांदा दुसऱ्या रस्त्याने जा. शेवटी मुलांना विचारा, 'तुम्ही पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या शहरात उतरलात, तर गाडीत बसण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचाराल?' मीटर चालू आहे का आणि त्यावर सील आहे का. आजचा दर काय आणि रात्रीचा आकार कोणत्या वेळी लागतो. आणि कोणत्या रस्त्याने जाणार. ही उत्तरे त्यांना स्वतःहून सुचली, तर मापनाचा धडा पुरा झाला असे समजावे.