अलंकार कोणाच्या सेवेत?

निसर्गलेखनातील साहित्यतंत्रे ओळखा, असा प्रश्न आला की विद्यार्थी उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती अशी नावे लिहून थांबतात. नावे बहुधा बरोबर असतात. पण निसर्ग माणसाच्या वर्णनासाठी आला आहे, की माणसाचे जग निसर्गाच्या वर्णनासाठी, हे त्यांतून कळत नाही. या भेदाला इतिहास आहे आणि त्याचे दोन आरंभीचे दाखले नाशिक परिसरातलेच आहेत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी आहेत. तेथील लेणे क्र. 3 मध्ये गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. तो पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला, म्हणजे इ. स.च्या दुसऱ्या शतकातला. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे आहे, चाल गजराजाची आहे, बाहू नागराजाच्या देहासारखे पुष्ट आहेत. खुद्द त्रिरश्मीलाही कैलासशिखराची उपमा मिळते. डोंगर दिसतो कसा, हे मात्र कळत नाही. कळते ती त्याची प्रतिष्ठा. येथे निसर्ग हे उपमानांचे भांडार आहे.

परंपरेने नाशिकशी जोडलेल्या पंचवटीत वाल्मीकींचा लक्ष्मण हेमंताचे वर्णन करतो. तेथे धुकटलेल्या चंद्राला निःश्वासाने मळलेल्या आरशाची उपमा आहे आणि तो आरसा ‘आंधळा’ म्हटला आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त हेच उदाहरण घेतले. आरशाला डोळे नसतात; म्हणून ‘आंधळा’ या शब्दाचा वाच्यार्थ पूर्णपणे सोडावा लागतो. या प्रकाराला त्यांनी अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनी म्हटले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की माणसाच्या घरातली वस्तू येथे चंद्राच्या सेवेला आली आहे. उपमेची दिशा उलटली आहे.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (1956) निसर्गच लेखनाचा विषय होतो. बारा मराठी महिने हीच त्या पुस्तकाची रचना. ‘वसंतहृदय चैत्र’ हे शीर्षकच पाहावे. त्याला केवळ चेतनगुणोक्ती म्हणून भागणार नाही. चैत्राला हृदय दिले आहे, पण ते माणसाचे नव्हे, वसंताचे. तुलनेच्या दोन्ही बाजू निसर्गातल्याच आहेत.

शिलालेखातील उपमा म्हणून हीन ठरत नाहीत. प्रशस्तीचे प्रयोजनच वेगळे असते. मात्र उत्तरपत्रिकेत अलंकाराच्या नावापुढे आणखी एक वाक्य अपेक्षित आहे: येथे उपमेय कोण? ते लिहिता आले, तरच तंत्र ओळखले असे म्हणता येईल.