दहाव्या फेरीतला नेव्हल ऑफिसर

फौजी कानाला ‘ड्राफ्ट’ म्हटलं की व्हिएतनामच्या काळातली अमेरिकेची सक्तीची सैन्यभरती आठवते. अमेरिकन माणूस हाच शब्द आणखी एका भरतीसाठी वापरतो. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूनं खेळतात त्या खेळात, कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीनं उचलतात. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. कोणाला उचलायचं हे बहुतेक संघांत जनरल मॅनेजर ठरवतो. बावीस वर्षांच्या मुलाकडं बघून तो पुढं काय करील हे सांगायचं, हे त्याचं काम. सिलेक्शन बोर्डातून गेलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. कल्पना बर्ट बेल यांची. त्यांचा ईगल्स संघ तळाला होता आणि श्रीमंत संघ चांगले खेळाडू पैसे मोजून पळवत होते. फळ्यावर नव्वद नावं लिहिली होती. ना स्काउट, ना मोजमाप. वर्तमानपत्रं आणि ऐकीव माहिती एवढाच आधार. पहिला मान मिळाला जे बरवँगरला. तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. पण पैशांचं जमलं नाही आणि गडी व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! या पद्धतीनं दुबळ्या संघांना बळ मिळालं, पण आपला संघ निवडायचा खेळाडूचा हक्क गेला. हेही लक्षात ठेवायला हवं.

निवडीला शिस्त आणली ती डॅलस काउबॉइजनं. १९६० साली जन्मलेल्या या संघानं पहिल्या मोसमात एकही सामना जिंकला नाही. त्याचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम आणि स्काउटिंगचे प्रमुख गिल ब्रँट. श्रॅमना वाटलं, हे काम संगणकाला का सांगू नये? आयबीएमच्या एका उपकंपनीनं त्यासाठी जो माणूस दिला तो चक्क आपल्याकडचा: सलाम कुरेशी, अलिगढला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांना क्रिकेट कळत होतं, अमेरिकन फुटबॉल नाही. पण त्यांनी नेमकी अडचण ओळखली. एका स्काउटचा ‘चपळ’ आणि दुसऱ्याचा ‘चपळ’ एकच नसतो. म्हणून शब्दांऐवजी ठरावीक प्रश्न आणि आकड्यांत गुण. शेकडो मुद्द्यांची छाननी होऊन शेवटी पाच गोष्टी उरल्या: चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, जिद्द, सतर्क बुद्धी आणि ताकद.

यादी ओळखीची वाटते ना? आपल्या एसएसबीतही मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ एकाच उमेदवाराला वेगवेगळे तपासतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. एका डोळ्याचा दोष दुसऱ्यानं भरून काढावा, हेच दोन्हीकडचं तत्त्व.

काउबॉइजची खरी कमाई मात्र डिसेंबर १९६३ च्या ड्राफ्टमध्ये दिसते. सातव्या फेरीत त्यांनी बॉब हेज उचलला. पुढच्याच वर्षी टोकियोत त्यानं शंभर मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. दहाव्या फेरीत, १२९ व्या क्रमांकावर, रॉजर स्टॉबॅक. तो अनापोलिसच्या नेव्हल अकादमीचा कॅडेट, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. मग इतका खाली का? कारण पदवीनंतर त्याला नौदलाची नोकरी करायची होती. इतर संघांना थांबणं परवडत नव्हतं. रंगांधळेपणामुळं तो सप्लाय कोअरमध्ये गेला आणि व्हिएतनाममध्ये एक वर्ष काढून आला. १९६८ साली रजा घेऊन संघाच्या सराव शिबिरात हजर झाला. १९६९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं व्यावसायिक खेळ सुरू केला आणि काउबॉइजला दोन सुपर बोल जिंकून दिले. त्याचं कौशल्य सगळ्यांनाच दिसत होतं. डॅलसनं हिशेब केला तो वेळेचा: दहाव्या फेरीत गमवायला फारसं काही नसतं, मिळालं तर मात्र पुष्कळ.

आज घड्याळं, चाचण्या, व्हिडिओ सगळं आहे, तरी २००० साली टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकापर्यंत कुणाला दिसला नाही. केड मॅसी आणि नोबेलविजेते रिचर्ड थेलर यांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधीचा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त भरली. तरीही जनरल मॅनेजर एका नावासाठी पुढच्या कित्येक पाळ्या देऊन टाकतात. दोष माहितीच्या तुटवड्याचा कमी, फाजील आत्मविश्वासाचा जास्त.

म्हणून शहाणे मॅनेजर एकाच हुकमी पानावर सगळं लावत नाहीत. खालच्या फेऱ्यांतल्या जास्त पाळ्या गोळा करतात आणि पोरांना वाढायला वेळ देतात. ज्यांना दरवर्षी कनिष्ठांचे एसीआर लिहायचे असतात, त्यांनी हा हिशेब जवळ ठेवावा. पहिल्या वर्षी मागे दिसणारा लेफ्टनंट कायमचा मागे आहे, असं आपण फार लवकर लिहून टाकतो, आणि तो कागद त्याच्यामागं वर्षानुवर्षं फिरत राहतो.