शंकरशेट कोणाला मिळाली?

महाविद्यालयाच्या कार्यालयात स्कॉलरशिपचं टेबल सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. मंजुरीची यादी आली की ती फलकावर लावायची आणि ज्यांचं नाव यादीत नाही त्यांच्याशी बोलायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडेच होती. यादी यायच्या आधीचे काही आठवडे मुलं काही काम नसताना खिडकीशी घुटमळत. "मॅडम, काही आलं का?" एवढंच विचारत. निवृत्त झाल्यावर मी जुन्या शिष्यवृत्त्यांविषयी वाचायला बसले, ती या प्रश्नामुळे. शिकणाऱ्याच्या हातावर पैसा ठेवायची रीत आपल्याकडे कधीची, तो कोणी ठेवला, कोणाच्या हातावर ठेवला आणि त्या निकालाची वाट पाहताना माणसांचं काय झालं, हे मला समजून घ्यायचं होतं.

सुरुवात पुण्यातून करायला हवी. तळेगावच्या दाभाड्यांनी चालवलेली दक्षिणेची प्रथा पहिल्या बाजीरावाच्या काळात पुण्याला आली आणि पेशवाईत वाढत गेली. श्रावणात दूरदूरचे शास्त्री, वैदिक पुण्यात जमत. नामांकित विद्वानांची परीक्षा होऊन त्यांचा मान ठरे. बाकीच्या ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात घेत आणि बाहेर पडताना दारात त्यांच्या हातावर दक्षिणा पडे. विद्येचा राज्याच्या खजिन्यावर हक्क आहे, ही समजूत आपल्याकडे या रमण्याने रुजवली. ती मोलाची होती. पण रमण्याच्या दारातून आत कोणी जायचं, हे जन्मानेच ठरलेलं होतं.

1818 मध्ये पेशवाई गेली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालून ती चालू ठेवली. याच निधीच्या आधाराने 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. पुढे त्याचंच डेक्कन कॉलेज झालं. लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यातल्या जुन्या मंडळींनी त्यावर काहूर माजवलं. अर्ज नेणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अर्ज मान्य झाला आणि 1851 पासून दक्षिणा प्राइज कमिटीमार्फत मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. निधीचा आणखी एक भाग कॉलेजांतल्या दक्षिणा फेलोंकडे वळला. हुशार पदवीधराने कॉलेजात राहावं, शिकावं, शिकवावं आणि त्यासाठी दरमहा वेतन घ्यावं, अशी ती सोय होती. रमण्यातल्या दक्षिणेची शिष्यवृत्ती झाली ती अशी, तीस-पस्तीस वर्षांत आणि भांडून.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला 132 जण बसले आणि 22 पास झाले. त्या बावीस जणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही मुलं शिष्यवृत्तीवर शिकली आणि शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे रानड्यांना लवकरच कळलं. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची बाजू घेऊन इंग्रजी अमलावर टीका केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. रानड्यांचे गुण घसरले नव्हते, हजेरी कमी पडली नव्हती. देणाऱ्याला मत आवडलं नाही, एवढंच कारण. मी नोकरीत असताना हे वाचलं असतं, तर पुढच्या प्रत्येक नवीन लेखनिकाला पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

मुंबईचे दानशूर व्यापारी जगन्नाथ शंकरशेट 1865 मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती विद्यापीठात सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत अधिक गुण मिळवणाऱ्याला ती मिळे. जुन्या मराठी घरांत अजूनही कोणाच्या पणजोबांबद्दल सांगताना "ते शंकरशेट स्कॉलर होते" असं म्हटलं जातं आणि पुढे काही सांगावं लागत नाही. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांचा तो काळ. आठवड्यातल्या सात दिवसांची सात घरं धरायची, एखाद्या घरी सुतक आलं की त्या दिवशी उपाशी झोपायचं. अशा मुलाला दरमहा ठरलेले काही रुपये ठरलेल्या दिवशी मिळू लागले की घरं धरायची वेळ उरत नसे आणि तो वेळ अभ्यासाला मिळे. निकालाची इतकी आस का असे, ते यातून समजतं. नाव वर्तमानपत्रात येई, गावात वाचलं जाई, सत्कार होत. चिंतामणराव देशमुखांना 1912 मध्ये शंकरशेट मिळाली आणि ते मॅट्रिकलाही पहिले आले, तेव्हा राम गणेश गडकऱ्यांनी त्यांच्या अभिनंदनाची कविता लिहिली. सोळा वर्षांच्या मुलाच्या परीक्षेच्या निकालावर मराठीतल्या एका मोठ्या कवीने लेखणी उचलावी, इतका तो निकाल सगळ्यांचा होता.

देशमुखांनी पुढे त्या निकालाचं चीज केलं. केंब्रिजला गेले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. 1956 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशातल्या उच्च शिक्षणाचा पैसा त्यांच्या हाताखालून गेला. संस्कृतही त्यांनी सोडलं नाही, मेघदूत मराठीत आणलं. एका शिष्यवृत्तीने समाजाला काय मिळू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

पण देशमुख ज्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, तिथूनच पाच वर्षं आधी, 1907 मध्ये, भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले होते. त्यांनाही संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिकवलं गेलं नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे शंकरशेटच्या यादीत आंबेडकरांचं नाव कधी येणारच नव्हतं. यादी लावणाऱ्याने काही लबाडी केली असं नव्हतं. गुण नीट मोजले असतील, क्रम बरोबर लावला असेल. देशमुखांचा पहिला नंबर पूर्णपणे त्यांचा होता आणि त्यांच्याकडे यात काही दोष जात नाही. तरीही ती यादी अपुरी होती, कारण परीक्षेला बसलेल्यांत पहिला कोण, हे यादी सांगते. बसू कोणाला दिलं नाही, याची नोंद तिच्यात नसते. पुढे आंबेडकर स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. 1950 मध्ये हे दोघे नेहरूंच्या एकाच मंत्रिमंडळात होते, एक अर्थमंत्री आणि एक कायदामंत्री.

याच्याही आधी एका मुलीला दार बंद झालं होतं. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. शेवटच्या परीक्षेत ती कॉलेजात पहिली आली. विलायतेत शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती या गुणांवर तिला मिळायला हवी होती. ती स्त्री आहे म्हणून मिळाली नाही. कॉर्नेलिया रडत बसली नाही, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवू लागली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली आणि 1892 मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. माझ्या खिडकीशी नाव न आलेल्या मुली उभ्या राहत, त्यातल्या पुष्कळींच्या घरी पुढचं ठरलेलं असे: स्कॉलरशिप आली तर शिक, नाहीतर लग्न. त्यांना वर्गणी काढून देणारं कोणी नव्हतं.

आता बडोद्याची गोष्ट. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले होते. बी. ए. झाल्यावर आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची बातमी आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी सुभेदार गेले. त्यानंतरचे महिने काय असतील, ते मी माझ्या खिडकीशी आलेल्या मुलांवरून ओळखू शकते. घरचा कर्ता गेलेला, पुढे शिकायची इच्छा आणि हाताशी काही नाही. सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. आंबेडकर त्यांना मुंबईत भेटले, निवड झाली आणि 4 जून 1913 रोजी बडोद्यात करारावर सही झाली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचलेसुद्धा. वडिलांच्या मृत्यूपासून कोलंबिया विद्यापीठापर्यंत सहा महिनेही गेले नाहीत. आजच्या कुठल्या कार्यालयात इतक्या वेगाने फाइल हलते?

पण मुदत संपली की तोच पैसा थांबतोही. 1916 मध्ये आंबेडकर लंडनला गेले, तिथे अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीचा काळ संपल्यामुळे 1917 मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने पुन्हा येण्याची सवलत दिली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढं जमवून 1920 मध्ये ते परत गेले आणि 1923 मध्ये त्यांना डी.एससी. मिळाली. तीन वर्षं पैशासाठी गेली, आणि हा मनुष्य आंबेडकर होता म्हणून परत जाऊ शकला. बाकीच्यांचा अभ्यास अशा वेळी सुटतो तो सुटतोच.

मजूरमंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा आग्रह धरला आणि 1944 पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला संस्कृतच्या वर्गात जागा मिळाली नाही, त्याने परीक्षेला बसणाऱ्यांची रांगच लांब केली. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीच्या इतिहासात मला हे सगळ्यांत मोठं काम वाटतं.

माझ्या टेबलावर आलेले बहुतेक अर्ज याच योजनेचे होते. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, हजेरी. एखादी झेरॉक्स पुसट निघाली की अर्ज त्रुटीत जाई. मंजुरी आली तरी बिल कोषागारात थांबे. पैसे येत तेव्हा रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेऊन आम्ही ते वाटत असू, आणि रजिस्टरमधल्या काही नावांसमोरची जागा रिकामी राहत असे, कारण तो मुलगा तोवर कॉलेज सोडून गेलेला असे. मेसचं बिल थकलं म्हणून कोणी गावी गेला, कोणी एमआयडीसीत लागला. कागदावर त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती. खरं पाहता ती त्याला कधीच मिळाली नाही. यादीत नाव पाहून जी मुलं हसत, त्यांच्यापेक्षा ही रिकामी जागा मला जास्त आठवते. आता अर्ज ऑनलाइन भरले जातात, पैसे थेट खात्यात पडतात. माझ्या धाकट्या सहकारी सांगतात की "अजून आलं नाही" हे वाक्य मात्र तसंच आहे.

इतक्या वाचनानंतर शिष्यवृत्ती देणाऱ्यांकडे, मग ते सरकार असो, विद्यापीठ असो की एखादा ट्रस्ट, माझ्या तीन मागण्या आहेत. निकालाची तारीख अर्जावरच छापा आणि ती पाळा, कारण उशिरा आलेला पैसा शिकणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. नाकारलंत तर कारण लेखी द्या. कॉर्नेलियाला कारण ठाऊक होतं, म्हणून तिला दुसरा रस्ता शोधता आला. आणि पैशाच्या बदल्यात विद्यार्थ्याचं मत मागू नका. रानड्यांची शिष्यवृत्ती थांबवून ग्रँटसाहेबांनी काही मिळवलं नाही.

आणि जी मुलं आज निकालाची वाट बघत आहेत त्यांना सांगते. नाव आलं तर ज्याला बसायलाच मिळालं नाही त्याची आठवण ठेवा आणि आपल्या मागे एकाला तरी अर्ज भरायला मदत करा. नाव आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जा, कारण विचारा, पुढचा अर्ज मागून घ्या. यादीत नसलेल्या माणसांनीही या देशाचा कायदा लिहिला आहे.