चुकीची किंमत

मंडळी, ह्या शनिवार-रविवारचा विषय जरा आडवळणाचा आहे: बेसबॉलची कार्डं. अमेरिकेत राहणाऱ्यांना ती माहीत असतात, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळायच्या पत्त्याएवढा जाड कागद, पुढे खेळाडूचा फोटो, मागे नंबर आणि आकडेवारी. टॉप्स नावाची कंपनी दर वर्षी नवा संच काढते. पाकिटं विकत घ्यायची, दुबार आलेली कार्डं मित्रांशी बदलायची आणि संच पुरा करायचा. लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले असतील त्यांना ह्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पण ह्या छंदाच्या पोटात आणखी एक छंद आहे. एकाच नंबरची, एकाच खेळाडूची दोन कार्डं शेजारी ठेवायची आणि त्यांच्यातला फरक शोधायचा. असा फरक असलेल्या कार्डाला 'व्हेरिएशन' म्हणतात. आम्ही ऑफिसात दिवसभर दोन फायलींमधला फरकच बघत असतो, त्यामुळे मला तर हा छंद लगेच पटला! आणि फाईल असो की कार्ड, फरक सापडला की पुढचा प्रश्न ठरलेला: हा फरक पडला कसा? गेल्या शंभरेक वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर पार उलटं झालंय. आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात करू १९०९ पासून. तेव्हा ही कार्डं सिगरेटच्या पाकिटात यायची. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ ह्या काळात काढलेला संच आज 'टी-२०६' म्हणून ओळखला जातो. त्यात ५२४ कार्डं आहेत. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीच्या आडनावात शेवटी 'ई-ई' हवं तिथे 'आय-ई' पडलं. कोणाच्या तरी लक्षात आलं, दुरुस्ती झाली, पण आधी छापलेली काही कार्डं बाजारात गेली ती गेलीच. दुसरा किस्सा जो डॉइलचा. न्यूयॉर्कचे संघ दोन्ही लीगमध्ये होते, आणि दोन्हीकडे एकेक डॉइल. जो होता अमेरिकन लीगमध्ये, कार्डावर छापलं गेलं नॅशनल. दुरुस्त करणाऱ्याने बरोबर शब्द घालायच्या भानगडीत न पडता चुकीचा शब्द फक्त उडवून टाकला आणि 'न्यूयॉर्क' तेवढं ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी केलेलं फिक्स म्हणतात ते हेच!

'टी-२०६' हे नाव कंपनीने दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिक ह्या सिरॅक्यूजच्या गृहस्थाने. एका कारखान्यात विजेच्या सामानाची जुळणी करणारा साधा कामगार, त्यात संधिवाताने हात वाकडे झालेले. त्याने छापील कार्डांची पद्धतशीर सूची तयार केली. आपला तीन लाखांहून मोठा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि तिथे बसून स्वतःच्या हातांनी वह्यांमध्ये लावला. १९६३ च्या जानेवारीत ते काम संपलं, मार्चमध्ये बर्डिक गेला. कंपन्यांच्या लेखी जी कार्डं सिगरेट खपवण्यापुरती होती, त्यांचा इतिहास अशा माणसांमुळे उरला.

टॉप्सचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा. साय बर्गरने तो ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आखला. पहिल्या ८० कार्डांच्या पाठी दोन प्रकारच्या आहेत, काळ्या आणि लाल. काळ्या पाठीच्या छपाईत जो पेज आणि जॉनी सेन ह्या दोघांची माहिती अदलाबदल होऊन गेली आणि नंतर सुधारली. शेवटचा हप्ता इतक्या उशिरा निघाला की मोसमच संपत आला होता. माल पडून राहिला. १९६० मध्ये उरलेली खोकी बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये टाकून दिली, असं बर्गरनेच पुढे सांगितलं. त्याच हप्त्यात ३११ नंबरचं मिकी मँटलचं कार्ड होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली! हे कार्ड एका कागदावर दोनदा छापलं जायचं, त्यामुळे त्याच्याही दोन तऱ्हा आहेत. मागच्या बाजूला नंबरभोवती चेंडूचं चित्र आहे, त्याच्या शिवणीचे टाके कुठल्या दिशेला वळलेत ते बघून ओळखता येतं.

इथपर्यंतच्या प्रत्येक फरकामागे छापखान्यातला कोणीतरी माणूस आहे. घाईतला, कंटाळलेला, नाहीतर दोन डॉइलमध्ये गोंधळलेला. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. तो होता ह्याचा पुरावा एवढाच, त्याची चूक.

मग १९८१ उजाडलं. आदल्या वर्षी कोर्टाने टॉप्सची मक्तेदारी मोडली होती. फ्लीअर आणि डॉनरस ह्या कंपन्यांनी घाईघाईने आपापले संच काढले आणि चुकांचा पाऊस पडला. फ्लीअरने ग्रेग नेटल्सच्या नावातलं पहिलं अक्षर 'जी'ऐवजी 'सी' छापलं, मग सुधारलं. जमवणाऱ्यांची चुकीच्या कार्डावर झुंबड! चुकीला बाजारभाव आला तो तेव्हापासून जोरात.

१९८९ मध्ये तर कहर झाला. फ्लीअरच्या ६१६ नंबरच्या कार्डावर बिली रिपकेन बॅट खांद्यावर टाकून उभा आहे आणि बॅटच्या बुडावर स्वच्छ अक्षरात शिवी लिहिलेली! बोंब झाल्यावर कंपनीने कधी काळा चौकोन, कधी पांढरा रंग, कधी गिचमिड रेघोट्या अशा तऱ्हांनी ती झाकली. म्हणजे एका चुकीतून अर्धा डझन व्हेरिएशन्स. रिपकेनने २००८ मध्ये कबूल केलं की शिवी त्यानेच लिहिली होती, सरावाची बॅट ओळखू यावी म्हणून. पण अक्षरं इतकी ठळक दिसतात ती कंपनीनेच केली असावीत, असा संशयही त्याने बोलून दाखवला.

ह्या संशयापाशी इतिहासाला वळण मिळतं. चूक विकली जाते हे कळल्यावर चूक ही चूक राहील कशी? २००७ मध्ये टॉप्सच्या डेरेक जीटरच्या कार्डावर मागे बाकांजवळ १९९५ मध्ये वारलेला मिकी मँटल उभा होता आणि प्रेक्षकांत चक्क जॉर्ज बुश! आतल्याच कोणाची तरी ही मस्करी. पण बातम्या झाल्या, आणि पाकिटं खपली. बग होता तो फीचर झाला.

आता अलीकडचा नवा संच बघा. पहिल्या हप्त्यात साधारण साडेतीनशे कार्डं. त्यातल्या काही नंबरांना मुद्दाम कमी छापलेला दुसरा फोटो. तो ओळखायचा तर मागच्या बारीक कायदेशीर मजकुरातला कोड भिंगाखाली धरायचा, शेवटचे आकडे वेगळे निघाले तर सापडलं घबाड. शिवाय सोनेरी कार्डं, जेवढं साल तेवढ्याच प्रती. एकुलती एक प्रत असलेली कार्डं. आणि कडी म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटासुद्धा कापून पाकिटात घालतात! जिथून चूक व्हायची ती जागाही विकायला काढली. कुठली गोष्ट किती पाकिटांमागे एक, हे पाकिटावरच छापलेलं असतं, लॉटरीच्या तिकिटासारखं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. खाऊच्या पैशांतून पाकिटं घेते. तिने विचारलं, "बाबा, आपला सेट पुरा कधी होणार?" प्रश्न सोपा, पण १९५२ मध्ये त्याचं उत्तर ४०७ असं देता येत होतं. आज सगळ्या तऱ्हा धरल्या तर उत्तर 'कधीच नाही' असं आहे, आणि ते तसं राहावं अशीच मांडणी केलेली आहे. दहा वर्षांच्या पोरांना लॉटरीची सवय लावणारी ही मांडणी मला खटकते.

मुद्दाम केलेली व्हेरिएशन्स खोटी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. तीही पुरावाच आहेत. मॅगीचं कार्ड १९०९ च्या छापखान्याबद्दल सांगतं, आजचं कार्ड आपल्याबद्दल सांगतं: आपण काय शोधतो, कशाला भुलतो, आणि हे कंपनीला किती बारकाईने ठाऊक आहे.

असो. आमच्या घरी नियम ठरलाय. एक ते शेवटचा नंबर झाला की सेट पुरा. मागचा कोड जरूर बघायचा, पण त्यासाठी जास्तीचं एकही पाकीट आणायचं नाही. आणि कुठे खरोखरच नाव चुकलेलं, फोटो उलटा पडलेला दिसला तर तेवढं कार्ड वेगळं ठेवायचं. भाव येवो न येवो.